माझ्या जागेवर त्याला घ्या

हे लिहावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. लिहिणारी माणसं वेगळी असतात असं मला अजून वाटतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तिथं जाऊन मला जे आलं ते परीक्षेपुरतं आलं. ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे तिच्यात बरोबर काय आणि चूक काय हे तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं असंही म्हणवत नाही. वाचणाऱ्यांनी हा आगाऊपणा पोटात घालावा. वडिलांबद्दल लिहायला घरात दुसरं कोणी नाही, एवढंच कारण आहे.

वडील मूळचे मंगळवेढ्याकडचे. तरुणपणी सोलापूरला आले आणि गिरणीत मागावर लागले ते तिथंच. गिरणीतली एक पद्धत आधी सांगायला हवी. कायम कामगार कामावर आला नाही तर त्याच्या मागावर त्या दिवसापुरता दुसरा माणूस घेतात. त्याला बदलीवाला म्हणतात. असे बदलीवाले रोज सकाळी भोंग्याच्या आधी गिरणीच्या फाटकावर उभे असतात. कोणाचा खाडा पडला तर आत, नाही तर घरी. आता कोणाला घ्यायचं हे जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, ठरवतो, पण कायम कामगार जर स्वतःहून रजेवर जाणार असेल तर तो आदल्या दिवशी आपला माणूस जॉबरपुढे उभा करतो आणि म्हणतो, "माझ्या जागेवर ह्याला घ्या." जॉबर मान वर न करता म्हणतो, "बघू." हे "बघू" म्हणजे झालं. त्यात लिहिणं नाही, सही नाही. आणि इतक्या वर्षांत जॉबरनं "बघू" म्हणून शब्द फिरवला असं वडिलांनी कधी पाहिलं नव्हतं.

वडिलांना माग उभा राहिलेला चालायचा नाही. लग्नाला, मयताला, कुठंही जायचं असलं तरी आधी बदलीवाला बघायचे. आई चिडायची. "बायकू आजारी पडली तर तिच्या जागंवर बी कुणाला तर हुबं कराल," म्हणायची. वडील म्हणायचे, "तुजी बदली कोण करंल? कोण येतच न्हाय फाटकावर."

दुष्काळ संपून एखादं वर्ष झालं असेल. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा उठली आणि त्याच सुमारास वडिलांचा चेहरा सुजायला लागला. सकाळी डोळे उघडायचे नाहीत. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. गिरणी कामगारांचा विमा असतो, त्याचा हप्ता पगारातूनच कापला जातो, म्हणून आम्ही त्यांना विम्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं दाखल करून घेतलं. दोन्ही मूत्रपिंडं खराब झाली आहेत असं निघालं.

शेजारच्या खाटेवर एक तरुण होता. दुसऱ्या एका गिरणीत सूतकताईच्या खात्यात कामाला, अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातला. घरी कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी. वय माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त असेल. त्याला आडवं पडता यायचं नाही, दम लागायचा. भिंतीला पाठ लावून बसूनच झोपायचा. लहानपणी सांधे धरले होते, त्यातून हृदयाची झडप चिकटली, असं डॉक्टर म्हणायचे. त्याची बायको दिवसभर खाटेखाली सतरंजी टाकून बसलेली असायची.

वडिलांना मीठ बंद होतं. शेंगाचटणीशिवाय ज्यांचा घास उतरला नाही त्यांना बिनमिठाची आमटी. ते ताट बघत राहायचे. शेजारचा तरुण हसायचा आणि हसताना त्याला खोकला यायचा.

"काका, खावा की. सरकारचं जावई हाइत तुमी. सासरवाडीला जेवणाला नावं ठिवू नये."

"तसली कसली रं सासरवाडी," वडील म्हणायचे, "मीठ बी देईनात. हुंडा तर दर महिन्याला कापून घेतला माज्याकडनं."

त्याच्या बायकोनं मग दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिथं सगळ्या नातेवाइकांच्या चुली असायच्या तिथं, वडिलांसाठी वेगळी भाकरी करायला सुरुवात केली. बिनमिठाचीच, पण गरम. आईला तिनं शिकवलं की भाकरीवर कच्चा कांदा ठेचून दिला तर मीठ नसलेलं कमी कळतं. आईला आपण शहरातल्या आणि ती खेड्यातली असं वाटायचं, तरी तिनं ते ऐकलं.

एके दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. तरुण होते, पुण्याचे. माझ्या हातात पुस्तक बघून ते माझ्याशी अर्धं इंग्रजीत बोलायचे आणि मला अर्धंच कळायचं. त्या दिवशी मात्र त्यांनी सावकाश मराठीत सांगितलं. मुंबईला एक यंत्र आलं आहे. त्यातून माणसाचं रक्त बाहेर काढून धुतात आणि परत आत सोडतात. वडिलांना तिथं पाठवायची मंजुरी त्यांनी मागितली आहे आणि ती बहुतेक मिळेल. खर्च खूप आहे, पण तो विमा करेल.

मी विचारलं, "म्हणजे बरे होतील?"

ते म्हणाले, "नाही. बरे होणार नाहीत. यंत्रावर आहेत तोवर आहेत. किती दिवस ते मला सांगता येणार नाही. तिथंच राहावं लागेल."

मग म्हणाले, "आणखी एक गोष्ट आहे. ती मी तुम्हाला सांगायला हवी की नाही, मला माहीत नाही. बाहेरगावी उपचाराला पाठवायचा आमचा पैसा वर्षाचा ठरलेला असतो. यंदाचा बराच संपलाय. जो उरलाय त्यात तुमचे वडील आणि तो शेजारचा मुलगा, दोघं बसत नाहीत. त्याचं ऑपरेशन झालं तर तो कामाला लागेल. पण तुमच्या वडिलांचा कागद आधी गेलाय. त्यांचा हक्क आहे. मी हक्क नाकारू शकत नाही आणि नाकारणारही नाही. तुम्ही शिकलेले आहात. घरी बोला."

मी "हो" म्हणालो. शिकलेले आहात म्हणजे काय करायचं असतं ते मला कळलं नाही. मी खाली उतरून नळावर पाणी प्यायलो आणि परत वर गेलो.

घरी मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मामा आले होते. ते वडिलांच्याच गिरणीत दुसऱ्या खात्यात होते आणि युनियनच्या सभेत बोलायचे. ते उसळलेच.

"कुणाचा पैसा हाय त्यो? दाजींनी जन्मभर हप्ता भरलाय. आजवर कधी गोळी तरी घेतली का विम्याची? आता येळ आली तर ह्ये म्हणणार, पोराला देऊ का? त्या डाक्टरच्या बापाचं काय जातंय?"

"तो तसं म्हणाला नाही, मामा. हक्क आहे असंच म्हणाला."

"मग सांगितलं कशाला? सांगितलं म्हणजेच म्हणाला. तू शिकतोस का नुसता फी भरतोस?"

आईनं एवढंच विचारलं, "यंत्राला बांदून ठिवत्यात का माणसाला?" मी म्हणालो, तसंच काहीतरी असतं.

कॉलेजात त्याच आठवड्यात अर्थशास्त्राच्या सरांनी कल्याणकारी राज्यावर निबंध लिहून आणायला सांगितला होता. मी वडिलांच्या खाटेशेजारी बसून तो लिहिला. नागरिक आजारी पडला, म्हातारा झाला तर त्याची जबाबदारी समाजाची असते, असं त्यात लिहिलं. सरांनी त्यावर "चांगला प्रयत्न" असा शेरा दिला. दोन नागरिक आजारी असतील आणि पैसा एकापुरताच असेल तर काय करायचं ते पाठ्यपुस्तकात नव्हतं, त्यामुळे निबंधातही आलं नाही. मी लिहीत असताना तो तरुण झोपेत श्वास ओढत होता. ते ऐकू येत होतं आणि मी लिहीत होतो. तेव्हा मला वाईट वाटत होतं का, हे मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

वडिलांनीच मला विचारलं. शेजारचा तरुण तपासणीला खाली गेला होता.

"डाक्टर काय म्हणला तुला भाईर?"

मी सांगितलं. यंत्राचं सांगितलं आणि पैशाचंही सांगितलं. त्यांच्यापासून लपवून मला कधी काही जमलं नाही.

ते छताकडे बघत होते. "यंत्रानं बरं हुणार न्हाय म्हन."

"नाही."

"आन त्ये पोरगं?"

"ऑपरेशन झालं तर बरा होईल म्हणतात."

"मग त्येला आदी का न्हेत न्हाईत?"

"तुमचा कागद आधी गेलाय, अण्णा."

ते कुशीवर वळले. मग म्हणाले, "मामा काय म्हणतोय?"

"तुमचा हक्क आहे म्हणतात. तुमच्या पगारातून कापलेला पैसा आहे."

"व्हय. माज्या पगारातनं कापलाय. त्येच्या बी कापलाय की. सगळ्यांचाच कापलाय. कुणाचा कुटला त्ये कसं वळखायचं?" आणि मग, "मी सुताला सूत लागलं की पुढचा माग बगतोय. तुटलेल्या मागावर किती वेळ हुबं ऱ्हायाचं?"

मला यावर म्हणायचं होतं की माणूस म्हणजे माग नाही. पण तेही कुठल्या तरी पुस्तकातलं वाक्य वाटलं, म्हणून मी म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर नेहमीप्रमाणे खाटा बघत आले. मागं नर्स, तिच्या मागं आणखी दोघं. वडील खाटेवरून उतरून उभे राहिले. सुजलेल्या पायांवर त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. त्यांनी शेजारच्या तरुणाकडे हात केला आणि म्हणाले,

"साहेब, माज्या जागंवर ह्येला घ्या."

डॉक्टरांना आधी कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. तरुणाला मात्र लगेच कळलं, कारण तोही गिरणीतलाच. तो भिंतीचा टेकू सोडून पुढं झाला.

"बेडा, काका, बेडा." कानडीत बेडा म्हणजे नको. "काका, आसं करू नका. तुमी जावा आदी. मी हाय की हितं, कुटं जातोय?"

"गप," वडील म्हणाले. "बदलीवाला कदी वाद घालतो व्हय रं जॉबरम्होरं? आत घेतलं की आत जायाचं."

"बाबा, असं नसतं हे," डॉक्टर म्हणाले.

"आसंच आसतंय, साहेब. मी आपल्या मनानं सांगतोय. पोराला इचारा, साक्षीला हाय त्यो."

दुसऱ्या टोकाला कोणीतरी ओरडत होतं, नर्स डॉक्टरांना बोलवत होती. ते अर्धे वळलेले होते. म्हणाले, "बरं, बघू."

वडील खाटेवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काम संपल्यासारखं दिसत होतं. आईला म्हणाले, "गटुळं बांद."

मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी खूप वेळ वडिलांना समजावलं, पण वडील फक्त मान हलवत होते. शेवटी मला एका कागदावर सही करायला सांगितलं. त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं की रुग्णाला वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत. मी दोनदा वाचलं. सल्ला नक्की काय होता, हे मला डॉक्टरांना विचारावंसं वाटलं. त्यांनीही त्या कागदाकडे बघितलं आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

निघताना तरुणाच्या बायकोनं आईच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी दिल्या. तरुण भिंतीकडे तोंड करून बसला होता. वडील त्याला म्हणाले, "जातो रं पावणं. माग नीट ठेव."

आम्ही घरी आल्यावर मामा आठवडाभर आमच्याकडे आले नाहीत. मग आले आणि वडिलांच्या उशाशी बसून म्हणाले, "दाजी, विम्याचा लई पैसा वाचवला तुमी. सरकार आता चौकात पुतळा उभारतंय तुमचा."

"उभारू दे," वडील म्हणाले, "हातात मागाचा धोटा द्या म्हणावं. रिकामा उबा करू नका."

मामा हसले आणि मग उठून दारात गेले. बराच वेळ तिकडेच तोंड करून उभे होते.

त्या दिवसांत वडील मला एकच विचारायचे. "पोरगं गेलं का मुंबईला?" जेवण जवळजवळ बंद झालं होतं, अंगाला खाज सुटायची, बोलता बोलता झोप लागायची. पण जागे झाले की हेच. म्हणून मी दवाखान्यात गेलो. दोन्ही खाटांवर दुसरी माणसं होती. तरुणाला गावी पाठवलं होतं, कागद आल्यावर बोलावू म्हणून. डॉक्टर रजेवर होते. मी कचेरीत गेलो. तिथले कारकून वयस्कर होते, त्यांनी मला बसायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या वडिलांची मंजुरी आली होती," ते म्हणाले. "ते घरी गेले, म्हणून परत पाठवली."

"मग तो पैसा त्या मुलाला मिळेल ना?"

"तसं नसतं. ही काय गिरणी आहे का? विम्यात बदली नसते. ज्याच्या नावाची मंजुरी त्याच्या नावाची. तुमच्या वडिलांचा पैसा वर जमा झाला. मुलाचा कागद वेगळा, तो त्याच्या वेळेनं येईल. बहुतेक नव्या वर्षात, मार्चनंतर."

"पण डॉक्टर म्हणाले होते की दोघं बसत नाहीत."

"बसत नव्हतेच. आता एकही नाही बसला." ते हे कुचेष्टेनं म्हणाले नाहीत. म्हणून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "तोवर त्या पोराला जपायला सांगा," म्हणाले. पण त्याच्या गावाचं नाव मला धड माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी वडिलांना सांगितलं. जे कारकून म्हणाले तेच सांगितलं. विम्यात बदली नसते, तुमची जागा त्याला मिळालेली नाही.

ते हसले. ओठ फुटलेले होते, हसताना दुखत असावं.

"कारकुनाला काय कळतंय? त्यो मागावर कुटं असतो? डाक्टर सोता बोललाय, बघू म्हणून. तू हुतास की तितं."

मी म्हणालो, "होतो."

"मग झालं की."

डॉक्टरांचं "बघू" आणि जॉबरचं "बघू" एक नसतं हे त्यांना पटवून देऊन काय साधलं असतं, मला माहीत नाही. मी सांगितलं होतं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

वडील दुपारी गेले. दुसऱ्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता आणि चाळीत पहिल्या पाळीची माणसं परत येत होती, त्यामुळे माणसं गोळा व्हायला वेळ लागला नाही. जॉबर आले. त्यांनी वडिलांच्या पायाशी हात जोडले आणि मग मामांना बाजूला घेऊन विचारलं की मागावर आता जो बदलीवाला आहे त्यालाच कायम केलं तर घरच्यांचं काही म्हणणं आहे का. मामा माझ्याकडे बघायला लागले. गिरणीत मेलेल्या कामगाराच्या जागेवर पहिला विचार मुलाचा होतो. मी म्हणालो, काही म्हणणं नाही. आई मला नंतर म्हणाली की मी ते फार पटकन बोललो. तसं असेल. मी तेव्हा रडलोही नाही. लोकांना वाटलं, शिकलेला आहे म्हणून धीरानं घेतोय.

परीक्षा झाली. मी पास झालो. आई शिवण घ्यायला लागली, मी शिकवण्या घ्यायला लागलो. पावसाळा गेला, परत गड्डा भरला, उठला. वडिलांनी केलं ते बरोबर होतं का, याचा विचार मी रस्त्यानं चालताना करायचो आणि मध्येच सोडून द्यायचो. मामांचंही खरं होतं. ज्यानं भरलं त्यानं ऐन वेळी का सोडावं? वडिलांचंही खरं होतं. पण कारकुनाचं सगळ्यांत खरं होतं, कारण घडलं त्याच्या म्हणण्याप्रमाणे. वडिलांनी जागा दिली आणि ती कोणापर्यंत पोचलीच नाही. यंत्रावर ते आणखी काही महिने असते. ते महिनेही कोणाला मिळाले नाहीत.

मग एका सकाळी दारात ती उभी होती. त्या तरुणाची बायको. आमची चाळ तिला वडिलांनीच कधीतरी सांगितली असणार. हातात फडक्याची गाठोडी होती. मी आधी तिच्या कपाळाकडे बघितलं. कुंकू होतं.

"काका कुटं हाइत?" तिनं विचारलं.

आईनं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं. ती जमिनीवर बसली आणि फडक्याची गाठ सोडून परत बांधायला लागली. मला वाटलं आता ती रडेल, पण तीही रडली नाही.

"आमी यायला पायजे हुतं," ती म्हणाली. "दवाखान्यातनं सांगितलं, मुंबईला जावा, तुमचा नंबर आलाय. सासू म्हणली, नंबर कसला, त्या काकांनी दिलेली जागा हाय ती. गावात समद्यास्नी आमी त्येच सांगितलंय. आज खरं काकास्नीच सांगायला आले हुते."

आईनं माझ्याकडे बघितलं. कारकुनाचं बोलणं मी घरी सांगितलेलं होतं, तिला माहीत होतं. आईनं तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि विचारलं, "आन ह्यो? कसा हाय?"

"बरा हाय की. आडवा झोपतोय आता. मुंबईसनं आल्यावर गिरणीत त्येची जागा ऱ्हायली न्हाय, दुसऱ्याला घेतलंय. त्येच्यामुळं आला न्हाय आज." तिनं पदर सावरला. "भोंग्याच्या आदी जातोय, फाटकावर. बदलीला हुबा ऱ्हातोय."